जी.आय. बिलात वर्णाचा उल्लेख नाही, मग कृष्णवर्णीय सैनिकांची घरकर्जं अडली कुठे?

झरोका: दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना घरकर्ज, बेकारी भत्ता आणि शिक्षणाची मदत देणारा कायदा, म्हणजे १९४४ चं जी.आय. बिल वाचलं. किमान ९० दिवसांची सेवा आणि डिसऑनरेबल (अप्रतिष्ठेचा) नसलेला डिस्चार्ज, म्हणजे सेवामुक्ती, एवढीच अट दिसते. वर्णाबद्दल चकार शब्द नाही. मग कायदा मोडला गेला, की फट कायद्यातच होती?

तारणखत: मोडायची गरजच पडली नाही. सरकार कर्ज देत नव्हतं, फक्त हमी देत होतं: कर्जाच्या निम्म्यापर्यंत, कमाल २००० डॉलर. १९४५ च्या दुरुस्तीनंतर घरासाठी ४०००. कर्ज बुडालं तर व्हेटरन्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं, हमीची रक्कम भरणार, पण द्यायचं की नाही ते गावातली बँक ठरवणार. 'एबनी' या कृष्णवर्णीयांच्या मासिकाने १९४७ मध्ये मिसिसिपी या दक्षिणेतल्या राज्यातल्या १३ शहरांची पाहणी केली. ३२२९ हमी-कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली २. छपाईची चूक नाही, दोनच.

बँक राजी झाली तरी घर कुठे घेणार? लेव्हिटाउनसारख्या, बिल्डरने एकगठ्ठा बांधलेल्या वसाहतींच्या करारातच 'फक्त कॉकेशियन (गोऱ्या) वंशाच्या लोकांसाठी' अशा अर्थाचं कलम असायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर निकालाने अशी कलमं कोर्टातून बजावून घेणं बंद झालं. पण बिल्डरनेच विकायला नकार दिला, तर? त्याला लगाम घालणारा केंद्रीय कायदा थेट १९६८ चा.

निळाकागद: बँकेच्या आधीही एक गाळणी होती, आणि ती तुम्ही लिहिलेल्या अटीतच आहे. ऑनरेबल आणि डिसऑनरेबल यांच्या मधला एक डिस्चार्ज निळ्या कागदावर छापून मिळे. तो द्यायला कोर्ट-मार्शल, म्हणजे लष्करी न्यायालयातला खटला, लागत नसे. डिसेंबर १९४१ ते जून १९४५ या काळात लष्कराने असे ४८,६०३ डिस्चार्ज दिले, त्यांतले १०,८०६ कृष्णवर्णीयांना. म्हणजे २२ टक्के, आणि लष्करात त्यांचं प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास. कायद्याच्या अक्षरानुसार हे लोक पात्र होते, पण प्रत्यक्षात निळा कागद दिसला की अर्ज फेटाळला जाई. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४५ मध्ये यावर रान उठवलं. हे तेच वृत्तपत्र, ज्याने १९४२ मध्ये 'डबल व्ही' मोहीम चालवली होती: परदेशात फॅसिझमवर विजय, घरी वर्णभेदावर. १९४७ मध्ये निळा प्रकार रद्द झाला.

झरोका: आणि बेकारी भत्ता? त्यात तर बँक मधे येत नाही.

तारणखत: आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे. पण 'योग्य' काम नाकारलं की भत्ता बंद, आणि योग्य काय ते स्थानिक रोजगार कार्यालय ठरवणार. मिसिसिपीत १९४६ च्या ऑक्टोबरपर्यंत या कार्यालयांनी शेतीबाहेर लावून दिलेल्या कामांपैकी कुशल आणि अर्धकुशल कामं ८६ टक्के गोऱ्यांना, अकुशल कामं ९२ टक्के कृष्णवर्णीयांना. सैन्यात ट्रक दुरुस्ती शिकलेल्याला हमाली देऊ केली आणि त्याने ती नाकारली, तर त्याचा भत्ताही जायचा.

निळाकागद: शिक्षणाचं कलम त्यातल्या त्यात चाललं, हेही नोंदवायला हवं. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि वर निर्वाह भत्ता. दक्षिणेतली गोऱ्यांची कॉलेजं त्यांना बंदच होती, त्यामुळे कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत जागा पुरेनात. तरी नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स मिसिसिपीतल्या अल्कॉर्न या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात शिकले ते याच पैशावर. १९४६ मध्ये डिकेटर या त्यांच्या गावी मत द्यायला गेले, तेव्हा सशस्त्र जमावाने त्यांना परत पाठवलं होतं.

झरोका: निळा कागद बदलून घेता यायचा का?

निळाकागद: हो, त्याच कायद्याच्या ३०१ व्या कलमाखाली, पुनरावलोकन मंडळाकडे. मुदत १५ वर्षं. जनरल कोर्ट-मार्शलच्या शिक्षेतून आलेले डिस्चार्ज तेवढे वगळलेले.