ज्यांना रस नाही त्यांना सुवार्ता, म्हणजे येशूचा तारणाचा संदेश, सांगावी का?

मोहरीचा दाणा:
समोरचा विषय बदलू लागला की थांबावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्या आशेचं कारण 'विचारणाऱ्याला' उत्तर द्या, तेही सौम्यतेनं, असं येशूचा शिष्य पेत्र बायबलमध्ये लिहितो (१ पेत्र ३:१५). न विचारणाऱ्यावर वचनांचा मारा केला की पुढच्या वेळी तो लांबूनच वाट बदलतो. आणि मदत देताना तर हा विषय आपणहून काढूच नये. घेणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक तिथे उरत नाही.

पहारेकरी:
शेवटचं मान्य, बाकी नाही. अथेन्सच्या बाजारात सुवार्ता सांगत फिरणारा प्रेषित पौल रोज, जे कोणी भेटतील त्यांच्याशी बोलत होता (प्रेषितांची कृत्ये १७:१७). कोणी विचारेल म्हणून थांबला नव्हता. 'आधी मैत्री, मग सुवार्ता' म्हणत वर्षं निघून जातात आणि मित्राला आपण रविवारी चर्चला जातो, एवढंच ठाऊक असतं.

मोहरीचा दाणा:
तोच अध्याय पुढे वाचा. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचं नाव निघताच काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, आणि पौल तिथून निघाला (३२-३३). तरीही दियनुस्य आणि दामारी या तिथल्या दोघांनी विश्वास ठेवलाच.

कंदील:
'रस नाही' म्हणणारे सगळे सारखे नसतात. चर्चमधल्या कुणी दुखावलेल्या माणसाचं फक्त ऐकून घ्या, चर्चची बाजू मांडू नका. घरच्यांच्या धाकानं गप्प असलेल्याशी चारचौघांत बोलू नका, त्याच्या फोनवर वचनंही पाठवू नका.

ज्याला देवाचा प्रश्नच पडत नाही, त्याच्याशी वाद व्यर्थ. त्याला विचारा, 'येशूनं सांगितलेली एक गोष्ट वाचू या का?' हो म्हणाला तरच लूक १५:११-३२ काढा: धाकटा मुलगा वाटणी उधळून घरी परततो, बाप मेजवानी देतो आणि थोरला रागावून बाहेरच थांबतो. बावीस वचनं, मोठ्यानं वाचली तरी तीन-चार मिनिटं. मग एकच प्रश्न: 'थोरला भाऊ शेवटी आत गेला असेल का?' गोष्टीत त्याचं उत्तर नाही, म्हणून ऐकणाऱ्याला स्वतः विचार करावा लागतो. बिघडतं ते इथेच. तो तोंड उघडायच्या आत आपण पाप, क्रूस, तारण सगळं एका दमात सांगून मोकळे होतो.

पहारेकरी:
पद्धत आवडली. पण तिथेच थांबलात तर 'प्रेमळ बापाची छान गोष्ट' एवढंच त्याच्या हाती लागेल. पुढचं वाचन मार्क १५ चं, येशूच्या क्रूसावरच्या मरणाचं हवं, क्रूसाशिवाय ती सुवार्ता नव्हे. 'सगळं विकून गरिबांना दे' हे ऐकून श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघाला तेव्हा येशूनं अट सैल केली नाही (मार्क १०:२२).

मोहरीचा दाणा:
त्याच्या मागेही धावला नाही. आणि आधीच्याच वचनात येशूनं त्याच्यावर प्रीती केली असं लिहिलंय. मार्क १५ वाचा, पण त्यानं मागितलं तर.

पहारेकरी:
'मागितलं तर' मला पटत नाही. पुढचं वाचू या का, हे मी स्वतःहून विचारेन. नको म्हणाला तर तिथे थांबेन आणि मैत्री पूर्वीसारखीच ठेवेन.