प्रति: मोठी देणगी म्हणजे इमारतीवर नाव

‘देणगीदाराला फक्त इमारतीवर नाव हवं असतं’ हे वरचं म्हणणं मला अर्धंच पटलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बायो-एक्सचं, म्हणजे जीवशास्त्र, वैद्यक आणि अभियांत्रिकीतल्या लोकांना एकत्र आणणाऱ्या संशोधन उपक्रमाचं, उदाहरण घ्या. तिथेच पूर्वी शिकवणाऱ्या उद्योजक जिम क्लार्कनी १९९९ मध्ये १५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. ऑगस्ट २००१ मध्ये बुश सरकारने मूलपेशी संशोधनाच्या सरकारी निधीवर मर्यादा घातल्या आणि निषेध म्हणून क्लार्कनी उरलेले ६ कोटी रोखून धरले. यात विद्यापीठाचा काय दोष? तरी २००३ मध्ये बायो-एक्सची इमारत, क्लार्क सेंटर, उभी राहिली, आणि २०१३ मध्ये त्यांनीच बायो-एक्सला पुन्हा ६ कोटी दिले.

इमारतही नुसती नावापुरती नाही हं. प्रयोगशाळेतली टेबलं चाकांची, ये-जा बाहेरच्या सज्जांतून. डॉक्टर, इंजिनिअर, जीवशास्त्रज्ञ एकमेकांसमोर येतातच. पण मला जास्त मोलाचे वाटतात ते बायो-एक्सचे छोटे बीजनिधी. वेगवेगळ्या विभागांतले प्राध्यापक एकत्र येऊन नवी, जोखमीची कल्पना मांडतात, त्यांना सुरुवातीचे पैसे मिळतात. आपल्या आयआयटींनी माजी विद्यार्थ्यांकडे यासाठी वेगळा निधी मागितला, तर मी नक्की देईन.