हस्तलिखित पाठवलं, पुढे काय झालं? तुमचे अनुभव सांगा

जानेवारी आला की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानासाठी बाडं बांधायची लगबग सुरू होते. पुस्तक पहिलं हवं आणि अजून न छापलेलं. कविता, कथा, कादंबरी, एकांकिका, बालवाङ्मय चालतं. तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला अनुदान मिळतं. छापून आलेल्या पहिल्या पुस्तकांना राज्य वाङ्मय पुरस्कार आहेतच. पहिल्या कवितासंग्रहाचा बहिणाबाई चौधरींच्या नावाचा, कादंबरीचा श्री. ना. पेंडसेंच्या. पण खरा आधार लागतो तो त्याआधी, बाड हातात असताना. ओळखीपाळखीचा नसलेला माणूस आपलं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार, या एका विचाराने मी माझ्या कथा पुन्हा लिहून काढल्या होत्या. मंजूर, नामंजूर, पाठवायचं राहून गेलं, सगळं सांगा.

औसा, जि. लातूर
कविता डायरीत होत्या. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या, प्रिंट झकास आली. पाठवायच्या आदल्या आठवड्यात फाइल शाळेतल्या कॉम्प्युटरवर उघडली तर अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. जुना फॉन्ट होता, युनिकोड नव्हता. मग अकरा रात्री बसून ७१ कविता मोबाइलवर स्वतः टाइप केल्या. आपलीच ओळ अंगठ्याने एकेक अक्षर लिहिताना तिचं वजन कळतं. १९ कविता तिथेच गळाल्या. पावसावरच्या तर जवळजवळ सगळ्या! संग्रह मंजूर झाला तो त्या ५२ कवितांचा.

नांदेड
दोन ठिकाणी पाठवलं, दोन्हीकडून नकार. कारण कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच वाटतं. लिहिणं चालू आहे.

कणकवली
माझी गोष्ट मंडळाची नाही, इकडच्या एका वाचनालयाच्या हस्तलिखित स्पर्धेची आहे. बक्षीस मिळालं नाही. पण बाड परत आलं ते पेन्सिलीच्या खुणांसकट. पान ३४ वर आजीच्या बोलण्यात मी ‘खंय गेल्लंस?’ खोडून ‘कुठे गेला होतास?’ केलं होतं. परीक्षकांनी खोडलेल्या शब्दांखाली ठिपके देऊन समासात लिहिलं होतं, ‘हेच राहू द्या.’ बाहेरच्यांना मालवणी कळणार नाही म्हणून मी सगळीकडे प्रमाण भाषा करत सुटले होते. त्या ठिपक्यांनंतर सगळे संवाद परत फिरवले. ते पान अजून जपून ठेवलंय.

पुणे
एका प्रकाशकाने चाळीस हजार मागितले होते. पुस्तक छापायला लेखकानेच पैसे भरायचे, हे आईला काही केल्या पटेना. पुढे अनुदान मिळालं. पुस्तक घरी आलं तेव्हा आईने आतल्या पानावरची बारीक ओळ वाचली, लेखकाच्या विचारांशी मंडळ आणि शासन सहमत असेलच असं नाही. घाबरून म्हणाली, “तू असं काय लिहिलंयस?” मग रात्रभर बसून तिने अख्खं पुस्तक वाचलं. माझं काहीही तिने वाचण्याची ती पहिली वेळ.

नागपूर
२०२१ मध्ये पंतप्रधान युवा योजना निघाली. तिशीच्या आतले ७५ लेखक, सहा महिने दरमहा ५० हजारांची शिष्यवृत्ती. विषय स्वातंत्र्यलढा. मजकूर ५ हजार शब्दांचा, मराठीत चालणार होता. मला तिशी लागायला थोडेच महिने उरले होते. आमचं गाव चिमूरजवळ, म्हणून ऑगस्ट १९४२ च्या उठावावर लिहायचं ठरवलं. शेजारची आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. ती इंग्रजांबद्दल फारसं बोललीच नाही. सांगत राहिली ते नंतरच्या दिवसांबद्दल, घरात पुरुष माणूस नसताना बैलांना पाणी कोणी पाजलं, दार आतून कशाने अडवलं. निवड झाली नाही. पण त्या ५ हजार शब्दांची आता १४० पानं झाली आहेत, कादंबरी म्हणून. आजी मार्चमध्ये गेली. दाराला पाटा लावायचे, हे तिचं वाक्य पहिल्या प्रकरणात आहे तसंच ठेवलंय. येत्या जानेवारीत पाठवतोय.