दुरुस्ती की डागडुजी? फाइल सिस्टीमच्या कोडसाठी शब्द हवेत

टिळकवाडीकर

नोकरी बेंगळुरात, घर बेळगावात. काम लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुळाशी असलेल्या प्रोग्राममधल्या, फाइल सिस्टीमच्या कोडवर. फाइली डिस्कवर कशा ठेवायच्या ते हा कोड बघतो. नवीन बांधणं थोडं, असलेलं सांभाळणं आणि त्यातल्या चुका काढणं जास्त.

गेल्या पावसाळ्यात घरी होतो. खडेबाजारातल्या आमच्या दुकानात वीज गेली, आली, आणि कॉम्प्युटर सुरू झाला तो नुसता वाचण्यापुरता. जुनी बिलं दिसत होती, नवीन साठवता येईना. डिस्कवरच्या नोंदींत विसंगती दिसली की कर्नल लिहिणं बंद करतो, घोळ वाढू नये म्हणून. बाबा म्हणाले, "तू तिकडे हेच दुरुस्त करतोस नव्हे? मग कर की." मी म्हटलं, मी कोड दुरुस्त करतो, इथं डिस्क दुरुस्त करायची आहे. ते म्हणाले, "दुरुस्ती ती दुरुस्ती."

तिथंच अडलो. या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत. कोडमधली चूक काढली तरी त्या चुकीने आधी डिस्कवर लिहून ठेवलेला घोळ तसाच राहतो. उलट एफएसचेक, म्हणजे डिस्कवरच्या नोंदी तपासून सरळ करणारा प्रोग्राम, चालवून डिस्क सरळ केली आणि कोड तसाच ठेवला, तर महिन्याभराने पुन्हा तेच. इंग्रजीत एकाला फिक्स म्हणतात, दुसऱ्याला रिपेअर. आपल्याकडे दोन्हीला दुरुस्ती. शिवाय मेंटेन करणे याला काय म्हणायचं? देखभाल म्हटलं की मला बाग आठवते नाहीतर म्हातारं माणूस.

वडगावचा माग

आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे, त्यामुळे मला यात अडचणच दिसत नाही. मागात दोष असला की कापडात दोष येतो. माग दुरुस्त केला म्हणून आधी विणलेलं कापड सुधारत नाही, त्याला रफू करावं लागतं. कोड म्हणजे माग, डिस्क म्हणजे कापड. मागाला दुरुस्ती, कापडाला रफू. झालं.

पॅचला, म्हणजे कोडमध्ये करायच्या छोट्या बदलाला, मात्र ठिगळ म्हणू नका. ठिगळ लांबून दिसतं, ते गरिबीचं लक्षण. चांगला पॅच सांधणीसारखा असतो. ताण्यातला धागा तुटला की विणकर तो असा सांधतो की गाठ बोटालाच कळते, डोळ्याला नाही.

टिळकवाडीकर

रफू एकदम पटला. सांधणीसुद्धा. माझा पहिला पॅच चार ओळींचा होता. चुकीच्या वाटेने बाहेर पडताना कोड हातातला बफर, म्हणजे मेमरीतली वापरायला घेतलेली जागा, परत न ठेवताच निघून जायचा. उसनं घेतलेलं भांडं शेजारणीला परत न देण्यातला प्रकार. एकेका वेळी काही बिघडत नाही, पण शेवटी शेजारणीकडे भांडी उरत नाहीत. चार ओळी, आणि तीन आठवडे चर्चा. मूळ चूक कुठल्या बदलातून आली ते शोधून त्या बदलाच्या खुणेची पहिली १२ अक्षरं पॅचखाली लिहावी लागतात. तेवढं शोधण्यातच एक आठवडा गेला.

पुण्यातून वाचतोय

पुस्तकी परिभाषेत फाइल सिस्टीमला संचिका प्रणाली आणि मेंटेनन्सला अनुरक्षण हे शब्द आहेत. ते का वापरू नयेत?

वडगावचा माग

वापरा की. आमच्या गल्लीत येऊन "अनुरक्षण चाललंय" म्हणा, लोक पोलीस आले समजतील.

निपाणीची वखार

दुरुस्तीवर माझं मत नाही, पण जर्नल या शब्दावर आहे आणि ते ठाम आहे. जर्नल म्हणजे डिस्कवर बदल करण्याआधी तो नोंदून ठेवायची जागा.

आजोबा इथल्या तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मी सर्व्हर सांभाळतो. ईएक्सटी-३ फाइल सिस्टीम २००१ साली कर्नलमध्ये आली तेव्हा जर्नल हे मोठं नवल म्हणून सांगितलं गेलं. त्याआधीच्या ईएक्सटी-२ मध्ये वीज गेली की अख्खी डिस्क तपासावी लागायची, मोठ्या डिस्कला तास न् तास. जर्नल आल्यावर काही सेकंद. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आजोबा आयुष्यभर तेच करत होते. आधी रोजकीर्द, मग खतावणी. दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने कीर्दीत उतरवायचा, आणि मग सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवायचा. खतवताना मध्येच उठावं लागलं तरी हरकत नाही, कीर्द हाताशी असली की पुन्हा पहिल्यापासून खतवता येतं.

आणखी बारकावा पाहा. आजोबा संध्याकाळी शिल्लक काढून कीर्द बंद करायचे. ज्या पानावर शिल्लक काढलेली नाही ते पान पक्कं धरायचं नाही. फाइल सिस्टीमही हेच करते. नोंदींच्या गठ्ठ्याच्या शेवटी बंद केल्याची खूण नसेल, तर पुन्हा सुरू होताना तो गठ्ठा सोडून देते. फरक इतकाच की आजोबा दिवसातून एकदा बंद करायचे, त्याच घराण्यातली पुढची ईएक्सटी-४ नेहमीच्या मांडणीत दर ५ सेकंदांनी करते.

आणि तिची नेहमीची जी ऑर्डर्ड पद्धत आहे, तिचा अर्थ वखारीच्या भाषेत असा: माल वखारीत उतरल्याशिवाय कीर्दीत ओळ पडणार नाही. राइटबॅक पद्धतीत ओळ आधी पडू शकते आणि माल मागाहून येतो. मध्ये वीज गेली तर कागदावर पोती आहेत, वखारीत नाहीत, किंवा पोत्यात भलताच माल.

म्हणून जर्नलला कीर्द. रोजनिशी नको, दैनंदिनी तर नकोच, त्यात माणूस मनातलं लिहितो.

आणि एफएसचेकला ताळा. डिस्क तपासली का असं नका विचारू, ताळा जमला का असं विचारा.

खानापूरची पट्टी

कीर्द आणि ताळा दोन्ही घेतले. आता जमिनीचं बोलतो.

महाराष्ट्रात सातबारा म्हणतात, आमच्याकडे पहाणी. आमच्या एका शेताला वडील आंब्याची पट्टी म्हणतात, चुलते आडवी पट्टी म्हणतात, पण पहाणीवर यातलं एकही नाव नाही, तिथं सर्व्हे नंबर. आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलची डिस्कवरची नंबरवार नोंद, हा तोच प्रकार. मालक कोण, क्षेत्र किती, जागा कुठून कुठवर, हे सगळं आयनोडमध्ये असतं, फक्त फाइलचं नाव नसतं. नाव डिरेक्टरीत. एकाच आयनोडला दोन नावं असू शकतात, आणि एक नाव काढलं तरी जमीन जात नाही. म्हणून डिलीट करणे याला मी नाव कमी करणे म्हणतो, तलाठ्याकडे म्हणतात तसं. शेवटचं नावही कमी झालं, पण कोणी ती फाइल उघडून बसला असेल, तर कसणारा उठेपर्यंत जमीन मोकळी होत नाही. भरलेल्या डिस्कवरची मोठी लॉग फाइल उडवूनही जागा का मिळत नाही, याचं उत्तर एवढंच.

डिस्कच्या नादुरुस्त ब्लॉकला खराबा म्हणावं. पहाणीवर खराब क्षेत्र वेगळं दाखवतात, ते पिकात धरत नाहीत. ईएक्सटी घराण्यात आयनोड क्रमांक १ याच नोंदीसाठी राखलेला असतो. मूळ डिरेक्टरीचा नंबर २. म्हणजे खराबा पहिला आणि घर दुसरं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही.

कर्नलला गाभा म्हणतात, मला गर आवडतो. गाभा केळीच्या खुंटाचा. इकडं काजूची बी फोडली की टरफल एका बाजूला, गर एका बाजूला. शेल (आपण आज्ञा टाइप करतो तो बाहेरचा प्रोग्राम) आणि कर्नल ही जोडी तीच आहे.

पुण्यातून वाचतोय

काल एका बेळगावकराने मला लिहिलं, "मी फाइल डिलीट करून सोडलो." हे कुठलं मराठी?

खानापूरची पट्टी

आमचं. "सोडलो" म्हणजे केलं आणि आता परतीची वाट नाही. सांगा, तुमच्या प्रमाण मराठीत इतक्या कमी अक्षरांत हे बसतं का?

टिळकवाडीकर

मूळ प्रश्नाकडे. कर्नलच्या कोडमध्ये एक मोठी यादी असते, कुठला भाग कोणाकडे आहे याची. प्रत्येक भागापुढे त्याची स्थिती लिहिलेली. त्यातली एक स्थिती म्हणजे ऑड फिक्सेस: माणूस आहे, पण त्याला वेळ नाही, अधूनमधून एखादा पॅच टाकतो. वाचताक्षणी शब्द सुचला, डागडुजी. पावसाच्या तोंडावर कौलं फिरवतात, घर नवीन बांधत नाहीत, तेवढीच ही. त्या यादीत ऑर्फन अशीही एक स्थिती आहे, म्हणजे त्या कोडला कोणी वालीच नाही.

म्हणून दुरुस्ती आणि डागडुजी एकच नव्हे असं आता वाटतं. दुरुस्तीत मूळ शोधतात, डागडुजीत गळती थांबवतात. रायझरएफएस या फाइल सिस्टीमचं असंच झालं. २००१ मध्ये कर्नलमध्ये आली, वापरणारे हळूहळू गेले, बरीच वर्षं नुसती डागडुजी. २०२२ मध्ये कालबाह्य ठरवली आणि ६.१३ या आवृत्तीत काढून टाकली, ती आवृत्ती जानेवारी २०२५ ची. डागडुजीही फुकट होत नाही. भोवतालचा कर्नल बदलला की या कोडलाही कोणीतरी हात लावावाच लागतो.

ऑर्फनला अनाथ म्हणू का?

खानापूरची पट्टी

बेवारस. अनाथाची दया येते, बेवारस म्हटलं की पंचनामा आठवतो. ताळा करताना ज्या फाइलींची नावं सापडत नाहीत त्या लॉस्ट-फाउंड नावाच्या डिरेक्टरीत नुसत्या नंबरावर पडतात, त्याही बेवारसच.

चिकोडीचा मास्तर

कन्नड शाळेत शिकवतो, घरी मराठी. दुरुस्तीचं एक सांगतो: कन्नडमध्येही दुरस्तीच, दोघांनीही फारसीतून घेतलेला. त्यामुळे टिळकवाडीकरांच्या बाबांनी कन्नडमध्ये विचारलं असतं तरी अडचण तीच राहिली असती.

निपाणीकरांच्या कीर्दीत मात्र एक खोट आहे. कीर्द कोणी पुसत नाही. वर्ष संपलं की रुमालात बांधून माळ्यावर जाते. जर्नल तर गोल फिरतं. खतवून झालेल्या नोंदींची जागा पुन्हा वापरतात, जुनं त्यावरच लिहून जातं. त्याला आमच्याकडे शब्द आहे, कडत. चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून काळं केलेलं लांब कापड, घड्या घातलेलं, त्यावर बळपाने, म्हणजे मऊ दगडाच्या पेन्सिलीने, लिहायचं. व्यापारी हिशेब त्यावर ठेवायचे, नको झालं की ओल्या फडक्याने पुसून पुन्हा लिहायचे. आज कर्नाटकातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत कडत म्हणजे फाइल.

निपाणीची वखार

खोट मान्य. पण शब्द मागे घेत नाही. आजोबांची शिल्लक काढण्याची शिस्त कडतात कुठे आहे? आणि फाइललाही कडत आणि जर्नललाही कडत म्हणून कसं चालेल?

चिकोडीचा मास्तर

जर्नलसुद्धा ईएक्सटी-४ मध्ये एक फाइलच असते ना? नंबर ८.

निपाणीची वखार

असते. थांबा, आजोबांच्या बासनात एक काळं कापड आहे. आम्ही ते जळकं समजत होतो.