लॅपटॉपची थर्मल पेस्ट पहिल्यांदाच बदलायची आहे, उघडू का?

पत्र्याखालची:
नमस्कार मंडळी. लॅपटॉप २०१८चा, प्रोसेसर आय५-८२५०यू. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. भांडुपला चाळीत वरच्या मजल्यावर घर, डोक्यावर पत्रा, त्यामुळे मे महिन्यात खोलीचं काय होतं ते सांगायला नको. पण आता एक्सपोर्ट लावलं की दोन मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर जातो. पंखा सुरू झाला की बाबा म्हणतात, "आली बदलापूर फास्ट." मग सगळं इतकं मंदावतं की हळदीपासून वरातीपर्यंतची जी फिल्म तासाभरात निघायची, तिला अडीच तास लागतात.

जवळच्या दुकानात विचारलं. १,५०० रुपये, दोन दिवस ठेवून जा, आणि वर "बोर्ड गेला तर आमची जबाबदारी नाही". बोर्ड जायचाच असेल तर मग माझ्याच हातून जाऊ दे की!

आजवर फक्त रॅम बदलली आहे. पेस्ट कोणती घेऊ, किती लावू? जुनी पुसायला घरातलं सॅनिटायझर चालेल का?

सोल्डरकाका:
ताई, आधी सांगा, पंख्यापुढची जाळी शेवटची कधी साफ केलीत? माझ्याकडे "पेस्ट वाळली" म्हणून येणाऱ्या निम्म्या लॅपटॉपांत धुळीचा नमदा निघतो. बाहेरून दिसत नाही; पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये बसलेला असतो. पेस्ट कितीही भारी लावा, वारा बाहेरच पडला नाही तर उपयोग शून्य.

पेस्टचं काम फार साधं आहे. चिप आणि तिच्यावरचा तांब्याचा ठोकळा कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक फटी राहतात, त्यात हवा अडकते, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. पेस्ट त्या फटी बुजवते. सहा-सात वर्षांत ती वाळते, किंवा चिप तापून-निवून कडेला सरकते. तुमची बदलायला झालीच आहे, पण धूळ आधी.

सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, थर राहतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

आगाऊ_उंदीर:
टूथपेस्ट लावा. थंडावा पण येईल, वास पण 😄

सोल्डरकाका:
उंदीरराव, कोणीतरी खरंच लावेल हो. त्यातलं पाणी उडालं की चार दिवसांत खडू होतो.

लॅमिंग्टनवाला:
भांडुपहून येणार असाल तर दादरला बदलून स्लो पकडा, फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही. पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोड, इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचा बाजार. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद. अल्कोहोल आणि छोटे स्क्रूड्रायव्हर तिथेच मिळतील.

पेस्ट एमएक्स-४ चालेल, पण लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, त्यामुळे पातळ पेस्ट लवकर सरकते. एमएक्स-६ जरा घट्ट आहे, ती बरी. मी स्वतः हनीवेलची पीटीएम७९५० वापरतो. ती पेस्ट नाही, पातळ पत्रीसारखी येते आणि ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते. लिक्विड मेटलच्या (पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू) नादी अजिबात लागू नका: त्यातून वीज वाहते आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं.

सोल्डरकाका:
पहिल्यांदा करताय तर साधी पेस्टच घ्या. आणि हे पाळा: लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं की सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढायची. ठोकळ्याच्या स्क्रूंजवळ १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, लावताना सुलट्या. ठोकळा निघत नसेल तर ओढू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. पंख्यावर हवा मारताना तो बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

पत्र्याखालची:
झालं! शनिवारी सामान आणलं, रविवारी दुपारी बाबांना टॉर्च धरायला बसवलं. बाबा बेस्टच्या डेपोत मेकॅनिक होते. स्क्रूंचे आकडे बघून म्हणाले, "यात नवीन काय? चाकाचे नटसुद्धा असेच समोरासमोरचे आवळतात. आधी सगळे अर्धे, मग पूर्ण." त्यानंतर टॉर्च माझ्याकडे आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे!

काका, नमदा निघाला. राखाडी, करंगळीएवढा लांब, आणि आत चक्क झेंडूची पाकळी. दसऱ्याला लॅपटॉपची पूजा करतो, तेव्हाची असणार. जुनी पेस्ट खरवडलेल्या भिंतीच्या पोपड्यासारखी झाली होती. ती चष्मा पुसायच्या कापडाने काढली. नवी साबुदाण्याच्या दोन दाण्यांएवढी घेतली आणि जुन्या प्लास्टिक कार्डाच्या तुकड्याने सगळ्या चिपवर पसरली.

मग बटण दाबलं, तर काहीच नाही. पाच मिनिटं घरात कोणी बोललं नाही. आईने तर "दीड हजार देऊन टाकायचे होते" इथवर मजल मारली. शेवटी चार्जर लावला आणि चालू झाला.

सोल्डरकाका:
सांगायला विसरलो, माफ करा. बॅटरीची पिन काढून परत लावली की बरेच लॅपटॉप चार्जर लावल्याशिवाय उठत नाहीत. आकडा किती आला?

पत्र्याखालची:
तीच फिल्म, तीच दुपार: ७९, फार तर ८२. एक तास दहा मिनिटं. यातलं धुळीचं किती आणि पेस्टचं किती, देव जाणे, दोन्ही एकदमच केलं.

ट्यूब अर्धी उरली आहे. झाकण घट्ट लावून ठेवली तर पुढच्या वर्षी चालेल का? बाबांनी शेजारच्या जोशीकाकूंना "लॅपटॉपचं ओव्हरहॉलिंग करतो आम्ही" असं सांगून ठेवलंय, आणि त्यांच्या मुलाचा उद्या संध्याकाळी येतोय.