पहिला हॅम सेट, १५ हजारांत: हँडी घ्यावा की ४० मीटरच्या मागे लागावं?

सिडको_थर्डफ्लोअर

मंडळी, हॅम म्हणजे हौशी रेडिओची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची (सुरुवातीच्या दर्जाची) परीक्षा पास झालो. सरल संचार या सरकारी पोर्टलवर लायसन्सचा अर्ज टाकलाय, कॉलसाइनची (हवेत वापरायच्या ओळख-नावाची) वाट बघतोय. राहायला नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकाजवळ, चार मजली सोसायटी, आपण तिसऱ्यावर. सातपूरला सीएनसीवर आहे, ओव्हरटाइमचे १५ हजार बाजूला काढलेत. बायकोच्या हिशेबात ते वॉशिंग मशीनचे आहेत, म्हणजे चूक एकदाच करता येईल.

मित्र म्हणतो ५ वॅटचा ड्युअल बँड हँडी (हातात धरायचा वॉकीटॉकीसारखा सेट) घे, स्वस्तात सुटशील. पण वेब-एसडीआरवर (इंटरनेटवरून ऐकायच्या रेडिओवर) सकाळी सातला ४० मीटरची, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची, गर्दी ऐकली आणि डोकं तिकडेच गेलं. काय करू? सोसायटीचे चेअरमन ‘टॉवर’ म्हटलं की दचकतात, तेही धरून सांगा.

नाशिकरोड_काका

तुझा मित्र अर्धंच सांगतोय. हँडी चालतो, पण समोर ऐकणारा पाहिजे. हँडीचं १४५ मेगाहर्ट्झ साधारण नजरेच्या रेषेत जातं. मध्ये पांडवलेणीचा डोंगर आला की पलीकडचा गेला.

माझीच गोष्ट ऐक. पहिला हँडी घेतला, गच्चीवर अँटेना लावली आणि खोलीपर्यंत २० मीटर आरजी-५८ केबल ओढली. देवळालीतला मित्र रोज म्हणायचा, “तुझा कॅरियर येतो, तू येत नाहीस,” म्हणजे सिग्नल लागतो पण आवाज कळत नाही. तीन महिने मी रेडिओला शिव्या घातल्या. मग एका जाणत्याने केबलचा तक्ता पुढे ठेवला. त्या फ्रिक्वेन्सीला आरजी-५८ मध्ये १०० मीटरला २० डेसिबलच्या आसपास जातात. म्हणजे माझ्या २० मीटरला ४. पाच वॅटमधले तीन वॅट केबल गरम करण्यात, दोन वॅट अँटेनाला! आता तिथे डिशवाल्याची आरजी-६ आहे. ७५ ओहमची म्हणून लोक नाकं मुरडतात, पण एसडब्ल्यूआर (ताकद किती परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) दीडच्या आसपास राहतो आणि तोटा निम्म्यावर येतो. तिच्या बाहेरच्या जाळीच्या वेणीला सोल्डर धरत नाही, कनेक्टर क्रिंपच (दाबून पक्का) कर.

तुझा जीव ४० मीटरवर आहे ना, मग पैसे तिकडेच लाव. ७ मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत साधी केबलही चालते. दिवसा मुंबई, पुणे, संभाजीनगर सहज. त्याची अँटेना डायपोल, म्हणजे काय, तर मधून दोन बाजूंना ताणलेली वायर. लांबी म्हणजे १४३ भागिले मेगाहर्ट्झ: १४३ भागिले ७.१, वीस मीटर आणि थोडं. प्रत्येक बाजू दहा मीटर. घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअरची वायर घे, साडेदहा कापून टोकं मागे दुमडत ट्यून कर. कापून टाकू नकोस, कापलेली वायर वाढत नाही.

रेडिओ: हैदराबादच्या अशर फरहान (व्हीयू२ईएसई) यांचा मायक्रोबिट्एक्स बघ. ३ ते ३० मेगाहर्ट्झ, ४० मीटरला साधारण १० वॅट. नवा कदाचित बजेटबाहेर जाईल, पण हॅम लोक वापरलेले विकत असतात. रिस्ट्रिक्टेडला ५० वॅटचीच मर्यादा आहे, १०० वॅटच्या रिगचा मोह आत्ता नको. त्याला लागणारी २० अँपिअरची सप्लाय ही तुझी दुसरी वॉशिंग मशीन. दहा वॅटला यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरी पुरते. आणि कॉलसाइन हातात येईपर्यंत पीटीटीला (बोलायच्या बटणाला) बोट लावायचं नाही.

येवल्याचा_पतंगवाला

काकांना +१. फक्त संक्रांतीच्या आधी वायर खाली घे. आमच्याकडे तीन दिवस पतंग चालतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या डायपोलवर सात पतंग आणि किलोभर मांजा अडकला, चौथ्या दिवशी एक बाजू गच्चीवर आणि दुसरी शेजारच्या पेरूवर. जूनमध्ये वळवाच्या गडगडाटातही केबल काढून खिडकीबाहेर टाकतो.

चेअरमनसमोर ‘अँटेना’ म्हणू नकोस. ‘वायर’ म्हण.

गोदाघाट१४५

हँडीला इतकं हिणवू नका राव. मी लायसन्स यायच्या आधीपासून १४५.८०० वर स्पेस स्टेशन ऐकायचो. सातपूरच्या दुकानातून अँटेनासाठी पितळी ब्रेझिंग रॉड आणले, मधला ४९ सेंटिमीटर, खाली चार तिरपे ५२. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर अर्ध्यात बसलो होतो, पर्यटक विचारतात काय मासे पकडताय? त्या संध्याकाळी स्टेशनने एसएसटीव्हीने (आवाजातून) पाठवलेलं चित्र मोबाइलवर उतरलं, निम्मं खरखरलेलं, तरी प्रिंट काढून लावलंय.

पण खरं सांगायचं तर रोज गप्पा मारायच्या असतील तर काका बरोबर. ऑनलाइन ‘लायसन्स लागत नाही’ लिहून विकतात त्यांच्यापासून सावध. २०२५ मध्ये अशा वॉकीटॉकी विक्रीवर केंद्राने नियम आणलेत.

सिडको_थर्डफ्लोअर

काका, रविवारी गच्ची मोजली. कोपरा ते कोपरा १७ मीटर. वीस मीटर कशी बसवू? मध्ये टाकी आहे, तिच्या बाजूला अंबड लिंक रोडवरून आणलेला २० फुटी जीआय पाइप उभा राहू शकतो.

शिवाय संध्याकाळी लॅपटॉपला लावायच्या रेडिओ डोंगलवर ७.१ ला नुसती खळखळ आहे.

नाशिकरोड_काका

बसते. पाइपच्या टोकावरून उलटा व्ही कर. दोन्ही कोपऱ्यांना दोन मीटरचे बांबू बांध, वायर तिथून सोड. प्रत्येक बाजूला अर्धा-पाऊण मीटर उरेल ते कठड्याबाहेर लटकू दे. टोकांना व्होल्टेज चढतं, कपडे वाळवायच्या दोऱ्या आणि पोरं तिथे नकोत.

खळखळीसाठी लॅपटॉप बॅटरीवर ठेव आणि घराचा मेन स्विच पाड. गेली तर चोर घरात आहे, बहुतेक एखादा एलईडी बल्ब. नाही गेली तर लिफ्टचा ड्राइव्ह किंवा शेजारचं सोलर इन्व्हर्टर. तू सीएनसीवाला, ड्राइव्ह काय करतात ते तुला मी काय सांगू.

अँटेना तपासायचं यंत्र, नॅनोव्हीएनए, माझ्याकडे आहे. शनिवारी ने, सोमवारी दे. सोबत कठड्याचा फोटो टाक.

सिडको_थर्डफ्लोअर

मेन पाडला, गेली! किचनमधला ९ वॅटचा बल्ब निघाला. बायको म्हणते, तो तिने परवाच बदललाय, तो काढायचा नाही.