मदत हवी आहे : खेळांवरच्या संशोधनासाठी शिक्षक-पालकांना प्रत्यक्ष कसं गाठावं?

नमस्कार मंडळी. तिसरी-चौथीच्या गणितात पट-सोंगट्यांचे खेळ कितपत उपयोगी पडतात, यावर माझं पीएचडीचं काम चालू आहे. जुन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत ते करून बघायचंय. व्हॉट्सअ‍ॅपवर माहिती पाठवली की फार तर अंगठा येतो. समोर पट मांडला की मात्र गुरुजी स्वतःच खेळायला बसतात. हातच्याच्या वजाबाकीत दशकाची माळ सोडून दहा सुटे मणी घ्यायचे असतात, तिथे तर हमखास वाद रंगतो!

केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, शिक्षकांच्या बैठकीत, अर्धा तास मागायचा तर आधी केंद्रप्रमुखांना भेटावं की थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांना? डाएटचं (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं) पत्र असेल तर वजन पडतं का?

पालकांचं जास्त अवघड. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत, पण कांदा काढणीत सभेला येणार कोण? आठवडे बाजाराच्या दिवशी पट घेऊन बसावं का? ‘पोरं शाळेत खेळायला धाडतो का?’ यावर खेळातून शिकण्यावर भर देणाऱ्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा दाखला देण्यात अर्थ नाही. तुम्ही काय सांगता? आणि संमतीपत्रावर सही पहिल्याच भेटीत मागावी की ओळख झाल्यावर?